मॉरिशसला राहायला जाताय? घर ठरवण्याआधी चक्रीवादळाचं बघा

मॉरिशसमध्ये नोकरी लागली, किंवा निवृत्तीनंतर चार वर्षं तिथे काढावीत असं मनात आलं, की आपल्याकडे आधी घरभाड्याची चौकशी होते, मग मुलांच्या शाळेची, मग डाळ-तांदूळ-मसाले मिळतात का याची. चक्रीवादळाची आठवण होते ती पहिल्या जानेवारीत, आणि तोवर घराचा करार होऊन गेलेला असतो. या लेखात तो क्रम उलटा केला आहे. वादळाच्या पट्ट्यातल्या देशात तुमचा धोका किती, हे बऱ्याच अंशी तुम्ही कोणतं घर आणि कोणती गल्ली निवडता यावर ठरतं. वाऱ्यापासून चांगलं घर वाचवतं. पाण्यापासून मात्र जागाच वाचवते, आणि नव्याने येणारे लोक चुकतात ते इथेच.

मॉरिशसचंच उदाहरण घेतलं, कारण आपला या बेटाशी जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटावर, म्हणजे मुदतीच्या मजुरीच्या करारावर, गेलेल्या कोकणी-मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात, शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. शिवाय आता आयटी, बँकिंग, हॉटेल, शिक्षण आणि कापड कारखान्यांच्या कामासाठी भारतातून माणसं जातच असतात.

पायरी पहिली: देश पट्ट्यात आहे का ते बघा

"उष्ण कटिबंधातला देश म्हणजे वादळं आलीच" असं अनेकांना वाटतं. तसं नाही. चक्रीवादळ तयार व्हायला कोमट समुद्र लागतो, साधारण २६ ते २७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम. पण तेवढ्याने भागत नाही. हवेला गोल फिरकी मिळते ती पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे, आणि विषुववृत्तापाशी हा परिणाम जवळजवळ शून्य असतो. म्हणून विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पाचेक अंशांपर्यंत चक्रीवादळ क्वचितच होतं. सिंगापूर याच पट्टीत बसतं. डिसेंबर २००१ मध्ये 'वामेई' नावाचं वादळ सिंगापूरच्या जवळ, मलेशियाच्या जोहोरमध्ये जमिनीवर आलं, तेव्हा जगभरच्या हवामानतज्ज्ञांना आश्चर्य वाटलं, इतकी ती गोष्ट दुर्मीळ. सेशेल्सचं माहे हे मुख्य बेटही विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. पनामा नऊ अंशांवर असूनही वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला पडतो.

मॉरिशस आहे दक्षिणेला वीस अंशांवर, म्हणजे पट्ट्याच्या ऐन मध्यात. शेजारचं फ्रेंच रियुनियन बेट, मादागास्कर, मोझांबिक हेही त्याच वाटेवर. कॅरिबियनमध्ये ज्याला हरिकेन म्हणतात आणि फिलिपिन्समध्ये टायफून, तीच ही वादळं. फरक हंगामाचा आणि फिरण्याच्या दिशेचा. दक्षिण गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि मॉरिशसचा हंगाम नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत धरतात. त्यातही जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च हे खरे महिने. आपल्या अरबी समुद्राच्या सवयीने मे-जूनमध्ये धास्तावू नका आणि जानेवारीत निर्धास्त राहू नका.

ही वादळं किती लांबून येतात याची कल्पना हवी असेल तर २०२३ चं 'फ्रेडी' आठवा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या बाजूला तयार झालेलं हे वादळ अख्खा हिंदी महासागर पार करून आलं, मॉरिशसच्या उत्तरेकडून गेलं आणि पुढे मादागास्कर, मोझांबिक, मलावीत हाहाकार करून गेलं. जागतिक हवामान संघटनेने त्याची नोंद ३६ दिवस टिकलेलं वादळ अशी केली, आणि तो विक्रम आहे. यात एक दिलासा दडलेला आहे: मॉरिशसला येणाऱ्या बहुतेक मोठ्या वादळांची चाहूल काही दिवस आधी लागते. तयारीला वेळ मिळतो. तो वेळ वापरला जातो की नाही, हा वेगळा प्रश्न.

पायरी दुसरी: बेटाची जुनी वादळं माहीत करून घ्या

घर दाखवणारा दलाल तुम्हाला सांगेल, "आता पूर्वीसारखी वादळं येत नाहीत." त्याच्या आठवणीपेक्षा नोंदींवर विश्वास ठेवा.

२९ एप्रिल १८९२ च्या वादळात पोर्ट लुई शहराचा मोठा भाग कोसळला आणि सुमारे बाराशे माणसं गेली. १९६० मध्ये जानेवारीत 'अलिक्स' आणि फेब्रुवारीच्या अखेरीस 'कॅरोल' अशी दोन वादळं लागोपाठ आली. कॅरोलमध्ये झोताचा वेग ताशी २५६ किलोमीटर नोंदला गेला. लाकूड, पत्रा आणि गवताची हजारो घरं सपाट झाली. फेब्रुवारी १९७५ च्या 'जर्व्हेझ'मध्ये झोत २८० किलोमीटरपर्यंत गेले. मग १९९४ चं 'हॉलंडा', २१६. २००२ चं 'डीना', २२८. त्यानंतर मात्र तेवढ्या जोराचा वारा बेटाने पाहिलेला नाही.

या आकड्यांतून दोन गोष्टी घ्यायच्या. एक म्हणजे वादळं वेळापत्रकाने येत नाहीत. साठच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत लागोपाठ आली आणि आता वीसहून अधिक वर्षं मोठा फटका बसलेला नाही. ज्यांनी १९७५ सोसलं ती पिढी म्हातारी झाली आणि तिशीतल्या लोकांना खरं मोठं वादळ ठाऊकच नाही. शेजारी बेफिकीर दिसले म्हणून तुम्ही बेफिकीर होऊ नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कॅरोलनंतर मॉरिशसने घरं बांधायची पद्धतच बदलली. सरकारने वादळात टिकतील अशा वसाहती उभ्या केल्या, आणि लोकांनीही पैसे जमतील तसा सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब घातला. आज बेटावर फिरताना चौकोनी, सपाट गच्चीची, काहीशी रुक्ष घरं दिसतात ती यामुळे. मला ती सुंदर वाटतात, कारण त्या प्रत्येक स्लॅबखाली कुणीतरी शांत झोपलेलं असतं. याच्या उलट चित्र डिसेंबर २०२४ मध्ये दिसलं. 'चिडो' वादळ मॉरिशसच्याच आगालेगा बेटांवरून पुढे फ्रान्सच्या मायोतवर गेलं, आणि तिथल्या डोंगरउतारावरच्या पत्र्याच्या वस्त्या अक्षरशः पुसून गेल्या. वाऱ्याचा जोर मोठा होताच. पण माणसं कशाखाली राहत होती याने नुकसान कितीतरी वाढलं.

पायरी तिसरी: घर बघायला जाल तेव्हा काय बघायचं

करार करण्याआधी घर दिवसाउजेडी बघा, आणि जमल्यास पाऊस पडून गेल्यावर बघा. रंग, फर्निचर, समुद्राचं दृश्य यांचा विचार नंतर. आधी वर बघा.

छत काँक्रीटचं आहे का? 'आहे' म्हणून सांगितलं तरी स्वतः खात्री करा. समुद्रकाठच्या बऱ्याच देखण्या बंगल्यांना गवताचं किंवा लाकडी पट्ट्यांचं छप्पर असतं आणि खाली फक्त लाकडी माळा असतो. कधी मूळ घराला स्लॅब असतो पण स्वयंपाकघर किंवा वरची खोली मागाहून पत्र्याने वाढवलेली असते. अशा घरात राहायचंच झालं तर निदान एक पक्की खोली, स्लॅबखालची, घरातच हवी. आणि तिथे घरातली सगळी माणसं रात्रभर बसू शकतील एवढी जागा हवी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी १२० च्या झोताला टिकलेला पत्रा २४० ला टिकेलच, असं म्हणण्यात काही अर्थ नाही.

गच्चीवर जा. हे बहुतेक लोक करत नाहीत. पाणी जायची भोकं किती आहेत, त्यांत पाला अडकलाय का, गच्चीला उतार आहे का? वादळात पाऊस आडवा येतो, पाला-फांद्या घेऊन येतो. एक भोक बुजलं की तासाभरात गच्चीचं तळं होतं आणि ते पाणी जिन्याच्या दारातून किंवा दिव्याच्या वायरच्या नळीतून घरात उतरतं. पाण्याची प्लॅस्टिकची टाकी नुसती ठेवलेली आहे की पट्ट्यांनी बांधलेली आहे? सोलर हीटर मॉरिशसमध्ये बऱ्याच घरांवर आहेत. त्याची चौकट स्लॅबला बोल्टने धरली आहे का, बोल्ट गंजलेत का, तेही बघा. खाऱ्या हवेत लोखंड लवकर खाल्लं जातं. डिश अँटेना, सुट्या विटा, जुने पत्रे मालकाकडून काढून घ्या. वादळात यातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी काचेवर जाऊन आदळते.

मग खिडक्या. आता सगळीकडे अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा आहेत. काच फुटली नाही तरी खालच्या पन्हळीतून वारा पाणी आत ढकलतो आणि फरशीवर घोट्याएवढं पाणी साचतं. पन्हळीला बाहेरच्या बाजूने पाणी जायला छोटी भोकं असतात. ती मोकळी हवीत. मोठ्या काचांना शटर आहेत का विचारा. नसतील तर प्लायवूड बसवण्यासाठी भिंतीत खुंट्या किंवा आकडे आहेत का? नसल्यास मालकाने ते करून द्यावेत असं करारात लिहून घ्या. चार आकडे बसवायचा खर्च फार नाही, पण वादळ चोवीस तासांवर आल्यावर सुतार मिळत नाही.

इथे लोकांची एक समजूत आडवी येते: "वारा समुद्राकडून येणार, तेव्हा समुद्राकडच्या खिडक्या झाकल्या की झालं." वादळाचा वारा दिशा बदलतो. वादळ ईशान्येकडून जवळ येत असेल तर मॉरिशसमध्ये सुरुवातीला वारा आग्नेयेकडून येतो. केंद्र बेटाच्या उत्तरेकडून पश्चिमेला सरकलं की तोच वारा ईशान्येकडून आणि मग उत्तरेकडून सुटतो. संध्याकाळी जी बाजू आडोशाला होती तिच्यावर पहाटे मारा होतो. म्हणून चारही बाजूंच्या काचांचा विचार करा, आणि घरात बिनखिडकीची किंवा अगदी लहान खिडकीची एक जागा हेरून ठेवा. बऱ्याच घरांत ती मधली न्हाणी किंवा बोळ असते.

आवारातली झाडंही बघा. समुद्रकाठी सुरूची झाडं खूप आहेत, आणि त्यांची मुळं वाळूत उथळ असतात. घरापासून स्वतःच्या उंचीपेक्षा कमी अंतरावर एखादा जुना सुरू किंवा आंबा झुकलेला असेल तर तो हंगामाआधी छाटून घ्यायला मालकाला सांगा. कोकणातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडे पत्रे आणि कौलं उडालीच, पण घरांवर पडलेल्या झाडांनी आणि तुटलेल्या विजेच्या खांबांनी पुढचे कित्येक दिवस अंधार केला.

कंपनीच्या वसतिगृहात राहणार असाल, म्हणजे कारखान्यात किंवा बांधकामावर कामाला येणार असाल, तर तुमच्या हातात निवड कमी असते. तरीही तीन प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे: छत कशाचं आहे, वादळात जेवणाची आणि पाण्याची सोय कोण करतं, आणि इमारत सुरक्षित नसेल तर आम्हाला नेणार कुठे? एजंटाने उत्तर टाळलं तर आधी तिथे काम केलेल्या कामगारांना विचारा. ते खरं सांगतात.

पायरी चौथी: जागा, म्हणजे पाणी कुठून येईल

चांगल्या स्लॅबखाली वाऱ्यात सहसा कुणी दगावत नाही. माणसं जातात ती पाण्यात.

याचं उदाहरण पोर्ट लुईच देतं. शहराच्या तीन बाजूंना डोंगर आणि एका बाजूला समुद्र. डोंगरावर पडलेलं पाणी थोड्या वेळात ओढ्यांतून शहरात उतरतं आणि अरुंद, बांधून काढलेल्या कालव्यांतून बंदराकडे जातं. ३० मार्च २०१३ ला चक्रीवादळ नव्हतंच. दुपारी ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि थोड्या तासांत ११ जण गेले. काही भुयारी मार्गात अडकून, काही इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये.

मग १५ जानेवारी २०२४ चं 'बेलाल'. केंद्र मॉरिशसवरून गेलंही नाही. ते रियुनियनवरून पुढे येऊन बेटाच्या दक्षिणेकडून निघून गेलं. पण तो सोमवार होता, लोक कामावर होते, आणि पोर्ट लुईच्या रस्त्यांवर अचानक इतकं पाणी आलं की गाड्या एकमेकींवर चढल्या. इशारा द्यायला उशीर झाला म्हणून देशभर संताप उसळला. त्या दिवसाने नवख्यांना शिकवण्यासारखं बरंच काही आहे, म्हणून पुढच्या पायरीत त्याच्याकडे पुन्हा येऊ.

तर जागा बघताना हे करा. घराच्या आसपास ओढा, नाला, कालवा आहे का ते पायी फिरून बघा; कोरडा असला तरी त्याला ओढाच समजा. रस्ता घराच्या दिशेला उतरतो की घरापासून दूर? भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर मातीची रेघ, उंबऱ्याला घातलेला सिमेंटचा बांध, शेजाऱ्याच्या दारात रचलेल्या वाळूच्या पिशव्या: या खुणा दलालापेक्षा जास्त बोलतात. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा, "बेलालच्या दिवशी इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं?" उत्तरेच्या सपाटीवरची फाँ द्यू साकसारखी काही गावं नेहमी तुंबतात, तिथे भाडं कमी का आहे हे मग कळतं.

पोर्ट लुईत ऑफिस असेल तरी तिथेच राहण्याची गरज नाही. कात्र बोर्न, रोझ हिल, बो बासँ, वाक्वा, क्युरपीप ही शहरं मधल्या चढावर आहेत. तिथे समुद्राचा धोका नाही. पाऊस जास्त, हवा थंड आणि दमट, कपाटात बुरशी येते. माझ्या मते बुरशीचा त्रास परवडला. एबेनच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांना तर हा भाग सोयीचाच आहे. डोंगराच्या अगदी पायथ्याशी, उतार कापून काढलेल्या प्लॉटवरचं घर मात्र टाळा. तिथे दरड हा आणखी एक धोका.

समुद्रकाठच राहायचं असेल, म्हणजे ग्राँ बे, फ्लिक आँ फ्लाक किंवा तामारँ, तर थोडं समजून घ्या. बंगालच्या उपसागरात वादळाबरोबर समुद्र कित्येक मैल आत येतो, कारण तिथला तळ उथळ आहे. मॉरिशसभोवती तळ झपाट्याने खोल जातो आणि प्रवाळाची कड लाटा फोडते, त्यामुळे तेवढं पाणी चढत नाही. पण कड जिथे तुटलेली आहे किंवा किनाऱ्याला चिकटून आहे तिथे लाटा सरळ घरात येतात. दक्षिण किनाऱ्यावरच्या रिव्हिएर दे गाले गावातली कुटुंबं हे वर्षानुवर्षं सोसत आली आहेत, आणि कधी कधी तर दूर दक्षिणेला झालेल्या वादळाच्या लाटांनी, डोक्यावर निरभ्र आकाश असताना. वाळूला लागून असलेल्या तळमजल्यापेक्षा रस्त्याच्या पलीकडचा पहिला मजला घ्या. समुद्र तेवढाच दिसतो.

पायरी पाचवी: 'क्लास' समजून घ्या

मॉरिशसची हवामान सेवा वाक्वामध्ये आहे आणि तिचा इशारा चार वर्गांत येतो. सगळे त्याला 'क्लास वन', 'क्लास टू' असंच म्हणतात. मोजपट्टी एकच: ताशी १२० किलोमीटरचे झोत बेटावर कधी येऊ शकतात.

क्लास वन म्हणजे साधारण ३६ ते ४८ तास आधीची सूचना. क्लास टू अशा बेताने देतात की झोत सुरू होण्याआधी उजेडाचे १२ तास हाती राहावेत. क्लास थ्रीमध्ये उजेडाचे ६ तास. क्लास फोर म्हणजे १२० चे झोत बेटावर नोंदले गेले आहेत आणि आणखी येणार आहेत. यातला 'उजेडाचे तास' हा हिशोब फार शहाणपणाचा आहे, कारण अंधारात कुणी गच्चीवर चढू नये. झोत पहाटे अपेक्षित असतील तर क्लास थ्री आदल्या दिवशी दुपारीच लागू शकतो, आणि तेव्हा बाहेर लख्ख ऊन असू शकतं. उन्हाकडे बघून फसू नका. निकषांत अधूनमधून दुरुस्त्या होतात, तेव्हा दर नोव्हेंबरला हवामान सेवेचं त्या वर्षीचं पत्रक बघून घ्या.

प्रत्येक क्लासला काय करायचं हे घरात आधी ठरवा. क्लास वनला गच्ची साफ, गाडीत पेट्रोल, औषधं आणि रोकड. क्लास टूला शाळा बंद होतात. पाणी भरा, खिडक्या झाका, बाहेरच्या कुंड्या-खुर्च्या आत घ्या. क्लास थ्रीला घरी किंवा निवारा केंद्रात, आणि मग बाहेर पडायचं नाही. क्लास थ्री किंवा फोर असताना कामावर न जाण्याची मुभा कामगार कायद्यानेच दिली आहे. नवीन नोकरी आहे, साहेब काय म्हणेल, या भीतीने रस्त्यावर उतरू नका.

आता बेलालकडे. क्लास हा वाऱ्याचा इशारा आहे. पावसाबद्दल तो काहीच सांगत नाही. वाऱ्याचा क्लास खालचा असतानाही तासाभरात रस्ता नदी होऊ शकतो. म्हणून मुसळधार पावसाची सूचना वेगळी बघा, आणि आकाश काळं होऊन डोंगर दिसेनासे झाले तर ऑफिस सुटायची वाट बघत तळघरातल्या गाडीशी जाऊ नका. वरच्या मजल्यावर थांबा. पाणी जसं चटकन येतं तसं बहुधा काही तासांत ओसरतं. गाडी गेली तर गेली.

बातमीचा भरवसा फक्त हवामान सेवेवर आणि सरकारी रेडिओवर ठेवा. मोबाइलवर फिरणारे रंगीत नकाशे दहा दिवस आधीचा मार्ग दाखवतात आणि तो रोज बदलतो. आणखी एक घोळ: रियुनियनच्या बातम्यांत वादळाचा वेग दहा मिनिटांच्या सरासरीने सांगतात, अमेरिकी संकेतस्थळं एका मिनिटाच्या, आणि मॉरिशसचे आकडे बहुतेक झोतांचे असतात. एकाच वादळाचे तीन आकडे दिसले तर घाबरून सर्वांत मोठा धरू नका, आणि धीर यावा म्हणून सर्वांत लहानही धरू नका. क्लास बघा.

पायरी सहावी: सामान

हे पटकन सांगतो. नोव्हेंबरात एकदाच भरा, मेच्या मध्यापर्यंत हात लावू नका. माणशी रोज चार-पाच लिटर पिण्याचं पाणी, निदान तीन दिवसांचं. वापरायचं पाणी वेगळं, बादल्या आणि पिंपात. कारण वीज गेली की पंप बंद, आणि गढूळ पाण्यामुळे नळही काही दिवस कोरडे राहू शकतात. बॅटरीचा रेडिओ, मोबाइलचे टॉवर पडले की तोच कामाला येतो. टॉर्च, पॉवर बँक, भरलेला गॅस सिलिंडर, रोजच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या. एटीएम बंद पडतात, तेव्हा थोडे मॉरिशियन रुपये घरात. पासपोर्ट, परवाना, घराचा करार प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि त्यांचे फोटो ईमेलवर. खाण्याच्या बाबतीत आपण तयारच असतो: चिवडा, दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, कुरमुरे, भिजवून खाता येतील असे दडपे पोहे. फ्रीज उघडझाप करू नका आणि वीज जाण्याआधी बाटल्यांचा बर्फ करून ठेवा. घरात इन्सुलिन असेल तर हा बर्फ सोन्याच्या मोलाचा आहे. डायलिसिस किंवा ऑक्सिजनवर असलेलं माणूस असेल तर क्लास वनलाच रुग्णालयाशी बोला, पुढच्या क्लासची वाट बघू नका.

पायरी सातवी: वादळाची रात्र

आवाजाची तयारी ठेवा. पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला सगळ्यात जास्त घाबरवतो तो आवाज: तासन् तास चाललेली घरघर, मध्येच दारावर धक्का बसल्यासारखा झोत, कानात दडे बसल्यासारखं वाटणं. मुलांना आधी सांगून ठेवा की हे असं होणार आहे. ज्या बाजूने वारा येतोय तिकडच्या खोल्यांची दारं लावून घ्या, काचांपासून दूर बसा, खिडकीतून व्हिडिओ काढू नका. दाराखाली जुने टॉवेल आणि चादरी दाबा. रात्रभर पिळत बसावं लागतं, दोघांनी पाळी लावून घ्या. विजेचा मुख्य खटका पाणी आत येण्याआधी बंद करा.

मध्यरात्री अचानक सगळं थांबलं, तारे दिसले, तर दार उघडू नका. तो वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, असू शकतो. कॅरोलच्या वेळी डोळा बेटावरूनच गेला होता. डोळा सरकला की वारा उलट्या दिशेने आणि एकदम पूर्ण जोराने येतो, आणि सैल झालेलं छप्पर याच दुसऱ्या फेरीत उडतं. रेडिओवर इशारा उठल्याचं सांगितल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.

घर टिकणार नाही अशी शंका असेल तर निवारा केंद्रात जायचं ते क्लास थ्रीच्या उजेडात. समाजकेंद्रं अशा वेळी उघडतात. आपल्या भागातलं कुठलं आणि तिथे पायी कसं जायचं, हे घर घेतल्याच्या पहिल्या महिन्यात बघून या. मराठी मंडळींच्या ओळखी इथेही उपयोगी पडतात. बेटावर ठिकठिकाणी मराठी मंडळं आहेत, त्यांतली जुनी माणसं वादळाचे अनुभव आवडीने सांगतात आणि "एकटे राहू नका, आमच्याकडे या" असं मनापासून म्हणतात. नवखे लोक संकोचाने जात नाहीत. जावं. भारतीय उच्चायुक्तालय पोर्ट लुईत आहे. आल्यावर तिथे आपलं नाव नोंदवून ठेवा.

विमा आणि विमान

घराच्या रचनेचा विमा मालकाचा, पण तुमच्या सामानाचा तुम्हीच काढायचा असतो. पॉलिसीत चक्रीवादळ, पूर आणि समुद्राच्या लाटा हे तीन शब्द वेगवेगळे शोधा. एक आहे म्हणून दुसरं असेलच असं नाही. नुकसानीतली किती रक्कम आधी तुमच्या खिशातून जाणार तेही विचारा. गाडीचंही तसंच. वादळ दारात आल्यावर नवा विमा मिळत नाही, तेव्हा ऑक्टोबरपर्यंत उरका.

आई-वडिलांना भेटायला बोलवायचं तर मे ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. हवाही थंड असते. जानेवारी ते मार्चमध्ये त्यांना यावंच लागलं तर परतीच्या तारखेला दोन-तीन दिवसांची सैल ठेवा आणि त्यांच्या गोळ्याही त्या हिशोबाने आणायला सांगा, कारण वादळ जवळ आलं की विमानतळ बंद होतो. स्वतः पहिल्यांदा येताना जमलं तर जून-जुलैत या. हंगामाआधी घर, गल्ली, शेजार ओळखीचा होतो.

वादळ गेल्यावर

पायात बूट घालूनच बाहेर पडा. पडलेली वायर मेलेली आहे असं समजू नका. काही आवरण्याआधी प्रत्येक खोलीचे, गच्चीचे, गाडीचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला आणि विमा कंपनीला पाठवा. आधी पुसून स्वच्छ केलं की नुकसान सिद्ध करणं अवघड जातं. नळाचं पाणी काही दिवस उकळून प्या. कुंड्या, टायर, तुटलेल्या टाक्यांमधलं पाणी ओतून टाका, कारण अलीकडच्या वर्षांत मॉरिशसमध्ये डेंग्यूच्या साथी आल्या आहेत. पुराच्या पाण्यातून चालावं लागलं असेल आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना पुराच्या पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगा, म्हणजे ते लेप्टोची तपासणी करतील.